जमीन तापते म्हणून पाऊस पडतो?
मोसमी पावसाच्या दोन ठराविक स्पष्टीकरणांची तपासणी

मोसमी पावसाचा धडा शिकवताना आपल्या वर्गांतून दोन वाक्ये हमखास उच्चारली जातात. पहिले वाक्य जुने आहे: उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे धावत येतात. दुसरे वाक्य गेल्या तीसेक वर्षांत वर्तमानपत्रांतून वर्गात आले: पॅसिफिक महासागरात एल निनो आला की आपल्याकडे दुष्काळ पडतो. पहिले वाक्य परीक्षेत चार गुण मिळवून देते, दुसरे दर उन्हाळ्यात मथळ्यात झळकते. दोन्ही सुटसुटीत आहेत, लक्षात राहणारी आहेत, आणि साफ खोटी तर मुळीच नाहीत. तरीही ती ज्या रूपात सांगितली जातात त्या रूपात दोन्ही अपुरी आहेत, आणि त्यांचा अपुरेपणा शाळेतील मुलांनाही तपासता येईल असा आहे, हे आम्हांला या लेखात दाखवायचे आहे.

हा काही शब्दांचा काथ्याकूट नाही. मराठवाड्यातल्या शाळेत बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण कोरडवाहू शेती करणाऱ्या घरांतून येतात. एल निनोचे वर्ष असूनही पाऊस चांगला झाला, किंवा एल निनो नसताना पेरणी वाया गेली, की त्या घरात “तुमचं विज्ञान काही खरं नाही” असे सहज म्हटले जाते. चुकलेले असते ते विज्ञान नव्हे, तर त्याचे वर्गात सांगितलेले सूत्र. पण विश्वास उडतो तो विज्ञानावरचा.

शेंद्र्याचा दाखला

ही दोन वाक्ये तपासायला आम्ही शेंद्रा हे ठिकाण निवडले आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने पूर्वेला निघाले, की आधी चिकलठाण्याचा विमानतळ लागतो आणि पुढे शेंद्रा. येथे औद्योगिक वसाहत आहे, मोटारींचा कारखाना आहे, ‘ऑरिक’ नावाची नवी उद्योगनगरी आहे. आणि या सर्वांना लागून कपाशी, तूर, मका, बाजरी यांची शिवारे आहेत. शेतीला लागणारे पाणी मुख्यतः गावावर पडणारा पाऊस देतो. कारखान्यांना लागणारे पाणी मात्र पैठणच्या जायकवाडी धरणातून येते, आणि ते धरण भरते नाशिक-अहिल्यानगरकडील सह्याद्रीच्या पावसावर. म्हणजे एकाच गावात दोन वेगवेगळे पाऊस वापरले जातात. सर्वसाधारण सूत्रांची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

पहिले वाक्य: तापलेली जमीन

या वाक्याला मोठी परंपरा आहे. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १६८६ साली व्यापारी वारे व मोसमी वारे यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि सूर्याच्या उष्णतेने होणारे असमान तापणे हे वाऱ्यांचे कारण म्हणून मांडले. पुढे १७३५ साली जॉर्ज हॅडली याने पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणाम त्यात मिळवला. तेव्हापासून मोसमी वारे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर रोज अनुभवास येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांची अजस्र आवृत्ती, असे चित्र रूढ झाले. वाऱ्याची दिशा ऋतूनुसार का उलटते हे त्या चित्राने सोप्या रीतीने सांगता येते. सव्वातीनशे वर्षे ते टिकले ते उगाच नव्हे.

पण एखादे स्पष्टीकरण खरे असेल तर त्यातून निघणारी अनुमानेही खरी ठरली पाहिजेत. आपण तीन अनुमाने काढून पाहू.

पहिले अनुमान: जमीन जितकी तापलेली, तितका पाऊस जोरात हवा. छत्रपती संभाजीनगर परिसरात मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जुलै-ऑगस्टमध्ये ते ३० अंशांपर्यंत उतरते. पाऊस पडतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे जमीन सर्वांत तापलेली असताना पाऊस नाही, आणि दहा अंशांनी थंड झाल्यावर तो महिनोन् महिने चालू राहतो.

दुसरे अनुमान: ज्या वर्षी जमीन जास्त तापेल त्या वर्षी पाऊस जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात पावसाळ्याचे महिने जास्त तापलेले असतात ते दुष्काळी वर्षांत. चांगल्या पावसाच्या वर्षांत जमीन थंड असते.

तिसरे अनुमान: देशात जेथे जमीन सर्वाधिक तापते आणि हवेचा दाब सर्वांत कमी होतो, तेथे सर्वाधिक पाऊस पडावा. असा भाग म्हणजे राजस्थानचे वाळवंट व त्याला लागून असलेला पाकिस्तानचा प्रदेश. तेथील पर्जन्यमान किती अल्प आहे हे सहावीतला विद्यार्थीही सांगेल.

हे आक्षेप नवे नाहीत. भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ साली यांतील मुख्य मुद्दे मांडले होते. आज शंभराहून अधिक वर्षे उलटून गेली, तरी शालेय स्पष्टीकरण जागचे हललेले नाही. आमची खरी तक्रार येथे आहे. मुलांना सोपे करून सांगावे याबद्दल वाद नाही; पण सोपे करून सांगितलेले वाक्य मुलांच्याच वहीतील तापमानाच्या नोंदींशी विसंगत निघत असेल, तर ते बदलायला हवे.

यावर कोणी म्हणेल, “अहो, पाऊस पडल्यामुळेच जमीन थंड होते. त्यात नवल काय?” अगदी बरोबर. पण मग हेही मान्य करावे लागेल की जमिनीचे तापमान हा येथे बराचसा परिणाम आहे. तापलेली जमीन हेच इंजिन असते, तर पहिल्या आठ दिवसांच्या पावसातच ते बंद पडले असते. जुलैत हे इंजिन कोणत्या इंधनावर चालते, हा प्रश्न विचारला की आपण योग्य वाटेला लागतो.

इंधन बाष्पाचे

पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना ती बाहेर पडते. हीच सुप्त उष्णता. एक साधा हिशेब फळ्यावर मांडता येईल. एक हेक्टर शेतावर १० मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी पडले. एक किलो बाष्पाचे सांद्रीभवन होताना सुमारे २५ लाख जूल उष्णता मोकळी होते. तेव्हा या एका हेक्टरवरच्या ढगांत २५ हजार कोटी जूल उष्णता मोकळी झाली. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे ही उष्णता जवळजवळ ७० हजार युनिटांएवढी झाली, आणि तीही एका हेक्टरवरच्या एका मध्यम सरीतून!

ही उष्णता जमिनीवर नव्हे, तर ढगांत, काही किलोमीटर उंचीवर मोकळी होते. त्यामुळे वरची हवा उबदार राहते, वर चढत राहते, आणि खालून आणखी बाष्पयुक्त हवा ओढून घेते. पावसाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग थंड झाला तरी उत्तर भारतावरील वरच्या थरांतील हवा दक्षिणेकडील समुद्रावरच्या हवेपेक्षा उबदारच असते. इंजिन चालते ते या फरकावर. राजस्थानातील वाळवंटावर कमी दाब असतो खरा, पण तो उथळ असतो. त्याच्या वर कोरडी हवा खाली उतरत असते, म्हणून तेथे ढग उंच वाढू शकत नाहीत.

आता मोठे चित्र पाहू. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या आसपास एक पट्टा आहे. तेथे दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकमेकांना भेटतात, हवा वर चढते आणि ढग तयार होतात. त्याला अभिसरण पट्टा म्हणू. सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाबरोबर तो उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो. पॅसिफिकवर तो विषुववृत्तापासून फार लांब जात नाही. भारतात मात्र तो जुलैमध्ये थेट गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. त्याच्याकडे धावणारे दक्षिण गोलार्धातील वारे विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात. हेच आपले नैऋत्य मोसमी वारे. १९८० साली डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांवरून घेतलेल्या ढगांच्या चित्रांचा अभ्यास करून दाखवले, की भारतावरचा मोसमी ढगांचा पट्टा आणि विषुववृत्ताजवळचा अभिसरण पट्टा एकाच जातीचे आहेत. पुण्यात जन्मलेल्या व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या गाडगीळबाईंनी (१९४४–२०२५) २००३ सालच्या आपल्या विस्तृत लेखात अजस्र खाऱ्या वाऱ्याची कल्पना सोडून देण्याची कारणे पुन्हा सविस्तर मांडली.

मग जमिनीच्या तापण्याला काहीच अर्थ नाही का? आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडे जमीन तापल्यामुळेच अभिसरण पट्ट्याला इतक्या उत्तरेला येण्याची संधी मिळते. हिमालयाचीही त्यात भूमिका आहे. विल्यम बूस आणि झीमिंग क्वांग यांनी २०१० साली संगणकीय प्रतिरूपात तिबेटचे पठार काढून टाकले आणि हिमालयाची नुसती भिंत ठेवली, तरी मोसमी पाऊस बराचसा कायम राहिला. उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवून दक्षिणेची उबदार, दमट हवा सुरक्षित ठेवणे हे त्या भिंतीचे मोठे काम. थोडक्यात, जमीन तापणे ही सुरुवात आहे. पुढचे तीन महिने गाडा ओढते ते बाष्प.

दुसरे वाक्य: एल निनो आला, दुष्काळ आला

या वाक्याच्या मुळाशी एक दारुण प्रसंग आहे. १८७७ साली मोसमी पाऊस फसला आणि १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. हवामान खात्याची स्थापना नुकतीच, १८७५ साली झाली होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांच्या संबंधावरून अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि १८८६ पासून दरवर्षी अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. १८९९ च्या भीषण दुष्काळाने हे काम किती कठीण आहे ते दाखवून दिले. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या हवामानाच्या नोंदींचे हजारो सहसंबंध त्यांनी मोजले. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि उलटही होते, हे तराजूच्या पारड्यांसारखे दोलन त्यांना त्यातून सापडले. त्याला त्यांनी ‘दक्षिणी दोलन’ असे नाव दिले. भारतातल्या पावसाच्या शोधातून साऱ्या जगाच्या हवामानाचा एक कणा हाती लागला, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोलाची गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार पाण्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, म्हणत. या पाण्याचे आणि वॉकर यांच्या दोलनाचे नाते याकोब बियर्कनेस यांनी १९६९ साली स्पष्ट केले. एरवी पॅसिफिकचे उबदार पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूला साठलेले असते. तेथे हवा वर चढते व पूर्वेला खाली उतरते. एल निनोच्या काळात हे उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. त्याबरोबर वर चढणाऱ्या हवेची जागाही सरकते आणि इंडोनेशियापासून भारतापर्यंतच्या भागात हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो. उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

येथवर सर्व ठीक. आता अनुमान काढू: एल निनो जितका तीव्र, तितका पाऊस कमी. देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के झाला, ते पाहा:

१९७९ – एल निनो नाही – ८१ टक्के
१९९७ – अतितीव्र एल निनो – १०२ टक्के
२००२ – मध्यम एल निनो – ८१ टक्के
२००९ – मध्यम ते तीव्र एल निनो – ७८ टक्के
२०१५ – अतितीव्र एल निनो – ८६ टक्के
२०२३ – तीव्र एल निनो – ९४ टक्के

१९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक, आणि त्या वर्षी पाऊस सरासरीहून किंचित जास्तच झाला. २००२ चा एल निनो त्या मानाने साधा, पण त्या वर्षी दुष्काळ पडला. १९७९ साली तर एल निनो नसतानाच दुष्काळ. १९५१ पासूनच्या एल निनो वर्षांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक वर्षांत पाऊस सरासरीच्या खाली राहिला आहे. हा संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण ‘आला की पडतो’ असे म्हणण्यासारखाही नाही.

फरक का पडतो, याची काही उत्तरे आज आपल्याजवळ आहेत. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातील एका द्विध्रुवाचे वर्णन केले. या महासागराची पश्चिम बाजू कधी पूर्व बाजूपेक्षा उबदार होते, कधी उलट. पश्चिम बाजू उबदार असते तेव्हा आपल्या पावसाला सहसा मदत होते. १९९७ साली नेमके तसेच घडले होते. त्याच १९९९ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल निनो व मोसमी पाऊस यांचे नाते सैल होत असल्याचे दाखवले. २००६ साली त्यांनीच आणखी एक मुद्दा मांडला: पॅसिफिकचे पाणी किती तापले याइतकेच ते कोठे तापले यालाही महत्त्व आहे. मध्य पॅसिफिक तापला तर आपल्याला फटका जास्त. अगदी पूर्वेकडचा भाग तापला तर कमी.

बाण एकाच दिशेचा?

दुसऱ्या वाक्यात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. दूर कोठेतरी समुद्रात काही घडते आणि आपण त्याचे परिणाम भोगतो, असे चित्र त्यातून उभे राहते. तक्त्यांवरील सारे बाण पॅसिफिककडून भारताकडे काढलेले असतात. हवामान खात्याचे एके काळचे प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ सालीच याच्या उलट मत मांडले होते: भारतीय मोसमी पाऊस हा जगाच्या हवामानाचा क्रियाशील भाग आहे. तो कसा होईल याचा अंदाज बांधणे कठीण, पण तो झाल्यावर इतर ठिकाणी पुढे काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधणे अधिक सोपे.

१९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स यांनी दाखवले, की आपल्याकडच्या ढगांत मोकळ्या होणाऱ्या उष्णतेमुळे पश्चिमेला सहारा आणि भूमध्य समुद्राच्या भागात हवा खाली उतरते व तेथील उन्हाळा कोरडा होण्यास मदत होते. वर केलेला ७० हजार युनिटांचा हिशेब येथे आठवावा. लाखो चौरस किलोमीटरवर महिनोन् महिने एवढी उष्णता मोकळी होत असेल, तर तिचे परिणाम आपल्या सीमेवर थांबतील कसे? जागतिक हवामानाचा धडा शिकवताना काही बाण भारताकडून बाहेर जाणारेही काढायला हवेत.

सरासरी कोणाची?

आता शेंद्र्याकडे परत येऊ. वर दिलेले सर्व टक्के अखिल भारताचे आहेत. १९७१–२०२० या काळावर आधारलेली देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. मराठवाड्याची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलीमीटरच्या दरम्यान, आणि मराठवाडा हा देशाच्या ३६ हवामान उपविभागांपैकी एक. छत्तीस ठिकाणच्या बेरजेत एकाची तूट सहज लपते. २०१२ साली पॅसिफिकमध्ये एल निनो नव्हता, देशाचा पाऊसही ९३ टक्के होता. पण मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला आणि जायकवाडी तळाला गेले. २०१८ च्या पावसाळ्यातही एल निनो अजून स्थिरावला नव्हता, तरी मराठवाड्याने दुष्काळ सोसला. याउलट २०१४ व २०१५ या सलग दोन तुटीच्या वर्षांनंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा एल निनोचा वाटा मोठा होता. म्हणजे एल निनो हे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपले बरेचसे पाणी घाटमाथ्यावर रिते करून इकडे येतात. येथला चांगला पाऊस बऱ्याच वेळा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. ही क्षेत्रे किती आली आणि कोणत्या वाटेने गेली, यावर शेंद्र्याच्या शिवाराचे भवितव्य ठरते. पॅसिफिकच्या तापमानावरून ती वाट आगाऊ सांगता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर विलक्षण स्थिती होती. मराठवाड्यात पावसाने ओढ दिली होती, तेव्हाच्या औरंगाबादेतून कृत्रिम पावसाचे प्रयोग सुरू होते, आणि त्याच वेळी नाशिककडील गोदावरीच्या पुराने जायकवाडी झपाट्याने भरत होते. त्या वर्षी देशाचा पाऊस ११० टक्के झाला. शेंद्र्यातील कारखान्याच्या दृष्टीने पाण्याची चिंता मिटत होती, तर कपाशीवाला आभाळाकडे पाहत होता. “यंदा पाऊसमान कसे आहे?” या प्रश्नाला एकाच गावात दोन खरी उत्तरे होती.

बेरजेइतकेच महत्त्व वाटणीलाही आहे. २०२३ चा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. आकडा फार भीतिदायक वाटत नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि पुढे सप्टेंबरने ती तूट काही अंशी भरून काढली. बेरीज सावरली, तरी ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात वाळलेले पीक काही सप्टेंबरच्या पावसाने परत येत नाही. पावसात पडणारे असे खंड बहुधा हंगामी नसतात. तीस ते साठ दिवसांच्या अंतराने विषुववृत्ताजवळ पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या लाटेशी त्यांचा संबंध असतो. ही लाट रोलंड मॅडन व पॉल ज्युलियन यांनी १९७१ साली प्रथम ओळखली.

पेरणीच्या वेळी तर हंगामाची बेरीज जवळजवळ निरुपयोगी असते. मृग नक्षत्र लागते ते सूर्याच्या स्थितीनुसार, म्हणून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होण्याचे त्याचे गणित सरासरीने जुळते. पण पहिल्या सरीवर पेरले आणि पुढे तीन आठवडे उघडीप झाली, तर दुबार पेरणी कपाळी येते. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात तो यासाठीच. “यंदा एल निनो नाही” हे वाक्य ऐकून घाईने पेरणे आणि “यंदा एल निनो आहे” म्हणून जमीन पड ठेवणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

अंदाज चुकले म्हणजे काय झाले?

हवामान खात्याची थट्टा करणे हा आपला आवडता उद्योग. तेथेही थोडे न्यायाने वागायला हवे. १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रतिरूप तयार केले, आणि पुढे अनेक वर्षे ते वापरात होते. २००२ चा दुष्काळ त्याला ओळखता आला नाही. खात्याने २००३ साली ते बदलले, २००७ साली पुन्हा सुधारले. २०१२ साली सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’मधून समुद्र आणि वातावरण एकत्र धरणारी संगणकीय प्रतिरूपे पुढे आली. २०२१ पासून अनेक प्रतिरूपांची सांगड घालून अंदाज दिला जातो आणि तो शक्यतेच्या टक्क्यांत सांगितला जातो. चुकलेले सूत्र टाकून देणे हे शास्त्राचे लक्षण आहे. जी चूक ओळखून खात्याने आपली पद्धत तीन-चार वेळा बदलली, तिच्याहून जुने सूत्र आपण वर्गात न बदलता सांगत राहतो, याचाही विचार व्हावा.

आता ‘हवामानबदलामुळे पाऊस बिघडला’ असे तिसरे वाक्य रूढ होऊ लागले आहे. त्याचेही सूत्र होऊ नये, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. दुसरीकडे, पुण्याच्या मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पाऊस वाढणे समजण्यासारखे आहे. एकूण पाऊस घटणे आणि अतिवृष्टी वाढणे या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण एखाद्या गावातील एखाद्या वर्षाची तूट एवढ्यावरून हवामानबदलाच्या नावावर टाकता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

आमची सूचना अशी, की ही वाक्ये मुलांना पाठ करायला देण्याऐवजी तपासायला द्यावीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

एक: मे ते सप्टेंबर रोजचे कमाल तापमान आणि पाऊस वर्तमानपत्रातून किंवा हवामान खात्याच्या नोंदींतून उतरवून एकाच आलेखावर मांडावेत. तापमान उतरते केव्हा आणि पाऊस टिकतो किती, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. ‘जमीन तापते म्हणून’ या वाक्यातील उणीव ती स्वतःच सांगतील.

दोन: शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. सरळ कडांचे, सपाट तळाचे भांडे आणि मोजपट्टी एवढ्यावरही काम भागते. ७५ मिलीमीटरची बेरीज कोणत्या तारखेला पूर्ण झाली आणि गावात पेरण्या कोणत्या तारखेला झाल्या, हे लिहून ठेवावे. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की गावालाही त्यांचा उपयोग होईल.

तीन: वरचा सहा वर्षांचा तक्ता फळ्यावर लिहून शेजारी आपल्या जिल्ह्याच्या पावसाचा आणि आपल्या भागाला पाणी देणाऱ्या धरणाच्या साठ्याचा रकाना जोडावा. शेंद्रा परिसरातील शाळांना जायकवाडीचा साठा रोज वर्तमानपत्रात मिळतो. तिन्ही रकाने कोणत्या वर्षी जुळतात आणि कोणत्या वर्षी फटकून वागतात, यावर चर्चा घ्यावी.

आणि परीक्षेपुरती दोन वाक्ये हवीच असतील, तर ती अशी सुचवतो. उन्हाळ्यात सूर्याबरोबर ढगांचा एक जागतिक पट्टा उत्तरेला सरकून भारतावर येतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील उष्णतेवर तो तेथे टिकून राहतो. एल निनोमुळे पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. प्रत्यक्षात किती पडेल हे हिंदी महासागर, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे आणि आपल्या गावाची भौगोलिक जागा यांवरही ठरते. ही वाक्ये थोडी लांब आहेत, पण जून महिन्यात घरी जाऊन वडिलांना सांगितली तरी ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावी लागणार नाहीत.